आधी चार्ज, मग पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय धाकट्या,

तुझं पाकीट काल दुपारी आलं. बाबांच्या तब्येतीची चौकशी करणाऱ्या नेहमीच्या दोन ओळी असतील म्हणून मी ते कामाच्या टेबलावर ठेवलं आणि तासभर विसरले. मग उघडलं तर चार पानं! आणि त्यात काय, तर म्हणे गाडी घेतली. तीही साधीसुधी नाही, बिछाना, ओटा आणि बेसिन असलेली जुनी मोटरहोम. सात वर्षं ज्याने घरातला बल्बसुद्धा बायकोकडून बदलून घेतला, त्याने! बायकोच्या हट्टापायी घेतली म्हणतोस. तुझ्या बायकोचे हट्ट मला पहिल्यापासून आवडतात.

फोनवर विचारता आलं असतं, पण तू फोनवर दोन वाक्यांनंतर गप्प होतोस आणि मी खेकसते. तेव्हा पत्रच बरं.

आता कामाचं. इथून उंटावरून शेळ्या हाकतेय, पण तू फोटो पाठवलेत त्यावरून सांगते. तुझ्या गाडीत दोन वेगळे संसार आहेत. पुढे बॉनेटखाली आहे ती इंजिनची बॅटरी. गाडी सुरू होताना एकदा जोर लावायचा आणि मग आराम करायचा, एवढंच तिचं काम. मागच्या बाकाखाली पेटीत दोन आहेत त्या घराच्या. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि तुझ्या लेकीला, चिमणीला, झोपताना लागतो म्हणतोस तो छोटा दिवा, हे सगळं त्यांच्या जिवावर. त्या हळूहळू देतात आणि हळूहळूच घेतात. त्यांना घाई केलेली चालत नाही.

त्यांना अर्ध्याच्या खाली उतरवायचं नाही. अर्धी झाली हे कसं कळणार? चार्जर काढ, सगळं बंद कर, दोन-तीन तास थांब आणि मग मीटर लाव. बारा पॉइंट सात व्होल्ट म्हणजे भरलेली. बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धी, आता लाव चार्जिंगला. पंखा चालू असताना मीटर बघून घाबरून मला पत्र लिहू नकोस.

‘अर्धा तास इंजिन चालवलं की होतील चार्ज’ असं तुला विकणाऱ्याने सांगितलं ना? आपल्या बॅटरीच्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं हेच ऐकून आलेली असतात. बॅटरी पहिला मोठा हिस्सा घटाघटा पिते, पण शेवटचा पाचवा हिस्सा घोट घोट घेते. त्याला चार-पाच तास लागतात. तो शेवटचा हिस्सा रोज चुकवला की आतल्या प्लेटांवर पांढरा थर बसतो आणि एक दिवस बॅटरी भरलेली दिसते पण दिवा लावला की बसते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी विजेच्या प्लगवर रात्रभर ठेवून तिला पोटभर घेऊ दे.

पाणी डिस्टिल्डच. नळाचं नाही, गाळलेलं नाही, उकळून गार केलेलंही नाही. आधी चार्ज, मग पाणी. प्लेटा बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. डोळ्यांना गॉगल, हाताला रबरी मोजे, जवळ खाण्याचा सोडा कालवलेलं पाणी. चार्ज होताना गॅस निघतो, तेव्हा पेटीची हवा बाहेर जाणारी जाळी उघडी आहे ना ते बघ. तिच्यावर चिमणीच्या बाहुल्या रचून ठेवलेल्या मला फोटोत दिसल्या. आधी त्या हलव.

अपघाताचं तू शेवटच्या पानावर लिहिलंस ते वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

बाबा बरे आहेत. पाय सकाळी धरतो, दुपारपर्यंत सुटतो. गाडी घेतल्याचं त्यांना सांगू नकोस म्हणतोस, तर नाही सांगितलं.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय धाकट्या,

बाहुल्या हलवल्यास, चांगलं केलंस. मीटरचे आकडे नीट लिहिलेस. बारा पॉइंट सहा आणि बारा पॉइंट तीन. म्हणजे दोघींत एक कमकुवत आहे. एकेकीची झाकणं उघडून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते, बघ. काचेच्या नळीत आत तरंगणारा काटा असतो तो हायड्रोमीटर, तुझ्या हाताला सवयीचा आहे. सहाही खान्यांतून थोडं थोडं ॲसिड ओढून बघ. बाराशे साठच्या आसपास हवं. पाच खाने साठवर आणि एक बाराशेवर असेल तर तो खाना आजारी. सगळेच खाली असतील तर नुसती भूक आहे, चार्ज कर. कमकुवत निघाली तर एकटी बदलू नकोस, दोन्ही बदल. म्हाताऱ्या बॅटरीशेजारी नवी बसवली की नवीसुद्धा वर्षभरात म्हातारी होते.

तारा सोडवताना आधी वजा, लावताना शेवटी वजा. टोकांवर पांढरं-हिरवं फूल आलं असेल तर सोड्याच्या पाण्याने पूस, पण झाकणं घट्ट लावून. सोडा आत गेला तर ॲसिड मारून टाकेल.

आता तुझा प्रश्न. चार पानांत तो तीनदा विचारलास. ‘ताई, माझ्या हातून तेव्हा नेमकं काय चुकलं?’

काय सांगू? जे सगळ्यांना माहीत आहे तेच. बाबांच्या गाडीत बॅटऱ्यांची पेटी होती, पेटीच्या तळाला भोक, त्यातून रबरी नळी खाली काढलेली. नळीतून ॲसिड ठिबकत राहिलं ते खालच्या ब्रेकच्या पाइपावर. पाइप खाल्ला गेला. उतारावर बाबांनी ब्रेक दाबला, लागला नाही, गाडी भिंतीवर गेली, बाबांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. बॅटरीला दर रविवारी पाणी घालायचं काम तुझं होतं आणि पेटीशेजारच्या नोंदीच्या तक्त्यावर अपघाताआधीच्या आठही रविवारी तुझ्या निळ्या पेन्सिलीची खूण होती. बाबा म्हणाले, ‘पुन्हा माझ्या गाडीला आणि माझ्या दुकानाला हात लावायचा नाही.’ तू पुढच्या आठवड्यात दूरची नोकरी धरलीस. लग्नाला बाबा आले नाहीत, पायाचं कारण सांगितलं. मी एकटी आले.

सात वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरतोस? लहान होतास. (चोवीस वर्षांचा होतास, माहीत आहे मला.) मी सांगितलंय तसं करत जा, काही होणार नाही.

आज दुकानात गर्दी आहे. दूधवाल्याची व्हॅन सकाळपासून दारात उभी आहे आणि तो माणूस माझ्या डोक्यावर. थांबते.

ताई

ता. क. चिमणीचा फोटो बाबांच्या उशीखाली सापडला. मी दिला नव्हता. माझ्या कपाटातून त्यांनीच काढलेला दिसतोय. मी पाहिलं हे त्यांना सांगितलं नाही.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र सकाळी आलं. तेव्हापासून मी तीन गिऱ्हाइकांशी भांडले, एकाच्या ट्रकची बॅटरी उलटी बसवणार होते. शेवटी शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय.

गाडी विकायला काढलीस. एक तारखेला रविवारी माणूस बघायला येतोय. कारण काय लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘चूक कुठे झाली हे ठाऊक नसेल तर ती मी पुन्हा करणार. बाबांचा पाय मी मोडला. आता त्या बाकावर माझी लेक झोपते. तिच्या आईला वाटतं मी घाबरट आहे. असेन. पण माझा माझ्या हातावर भरवसा नाही.’

म्हणून आता सांगते. आधी पूर्ण वाच, मग जे म्हणायचं ते म्हण.

तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती.

ते आठ रविवार आठव. तू कुठे होतास? दुपारी बारालाच भांग पाडून निघायचास, तळ्यापलीकडच्या बसने, आज जी तुझी बायको आहे तिला भेटायला. बाबांना कळू द्यायचं नव्हतं. मला म्हणालास, ‘ताई, तेवढं पाणी बघशील?’ मी म्हटलं, जा रे, बघते. आणि तुझ्या निळ्या पेन्सिलीने तक्त्यावर तुझीच खूण करत गेले, म्हणजे बाबांना शंका नको. तुला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं असं.

आधी चार्ज, मग पाणी. हे दुकानाच्या भिंतीवर माझ्याच हाताने मोठ्या अक्षरात रंगवलंय, येणाऱ्या प्रत्येकाला मी ते बोटाने दाखवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चार्जिंगला दहा तास लागायचे. म्हणजे दुपारी चार्जर लावायचा आणि रात्री परत येऊन पाणी घालायचं. मला रविवारी परत यायचा कंटाळा यायचा. आठवड्यातली एक संध्याकाळ मला अंथरुणावर पडून काढायची असायची. म्हणून मी दुपारीच सगळे खाने तोंडापर्यंत भरायचे, चार्जर लावायचे आणि घरी जायचे. चार्ज होताना आतलं पाणी फुगतं, वर चढतं, बुडबुडे येतात. आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर ॲसिड बाहेर येणारच. सोमवारी सकाळी वरचा ओलावा मी सोड्याच्या फडक्याने पुसून टाकायचे आणि मला वाटायचं, झालं साफ. तळाच्या भोकातून नळीत किती गेलं हे मी एकदाही वाकून पाहिलं नाही. आठ रविवार.

मला कळलं कधी? अपघातानंतर तिसऱ्या दिवशी. ब्रेकवाल्याने मला गाडीखाली बोलावलं, टॉर्चचा उजेड पाडून पाइप दाखवला आणि म्हणाला, ‘वरून ॲसिड गळलंय, बाई. दोनेक महिन्यांचं काम आहे हे.’ मी तिथेच गाडीखाली पडून मोजलं. तू सतत चार महिने नीट पाणी घातलं होतंस, तेव्हा पाइपाला काही झालं नव्हतं. शेवटचे दोन महिने माझे होते.

तेव्हा का बोलले नाही? त्याच महिन्यात बाबा दुकान माझ्या हाती देणार होते. आठवतंय ना, काका काय म्हणाले होते? ‘बाईमाणसाला बॅटरी उचलायला लावणार? हे काय तिचं काम आहे?’ बाबा त्यांना म्हणाले होते, ‘तिच्यासारखा हात या रस्त्यावर कुणाचा नाही.’ मी कबूल केलं असतं तर काका बरोबर ठरले असते आणि बाबा खोटे. ही सबब मी सात वर्षं स्वतःला देत आलेय. खरं एवढंच की मी घाबरले. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं तसं माझ्याकडे पाहिलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

आणि तू! स्टँडवर बॅग वर चढवताना मला काय म्हणालास? ‘ताई, तू घातलंस ते पाणी बरोबरच असणार. आधी केव्हातरी माझ्याच हातून घोळ झालाय. तू माझ्यासाठी खुणा केल्यास हे बाबांना कळू देऊ नकोस, उगीच तुझ्यावर येईल.’ मी काय म्हटलं? म्हटलं, ‘जाऊ दे.’ तू मला पाठीशी घालत होतास, आणि मी जाऊ दे म्हटलं. या दोन शब्दांची मला जितकी लाज वाटते तितकी त्या आठ रविवारांची वाटत नाही.

तेव्हा गाडी विकू नकोस. तुझे हात चांगले आहेत. तू बाराव्या वर्षी ग्रॅव्हिटी बघायचास आणि एक थेंब सांडायचा नाहीस. मी शिकवलंय तुला, मला माहीत आहे.

हे पत्र मी साध्या टपालाने न टाकता कुरिअरने पाठवतेय, म्हणजे रविवारच्या आत पोचेल. बाबांनाही मीच सांगणार. तू आधी सांगू नकोस, एवढी एकच गोष्ट मागते.

ताई


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्या,

बाबांना सांगितलं. बुधवारी, दुपारी.

दुकानात तीन वाजता कुणी नसतं. ते नेहमीसारखे स्टुलावर बसून माझ्या कामातल्या चुका शोधत होते. मी हात धुतले, समोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘बाबा, गाडीच्या बॅटरीला ते दोन महिने पाणी मी घालत होते.’

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, एखादी बॅटरी दुरुस्तीला आली की विचारतात तसे.

‘किती भरायचीस?’

‘तोंडापर्यंत.’

‘चार्जच्या आधी?’

‘आधी.’

‘सगळे खाने?’

‘सगळे.’

‘सोमवारी वर ओलं असायचं?’

‘असायचं. पुसायचे.’

‘आणि नळी?’

‘नाही पाहिली.’

‘घाई कसली होती?’

‘कंटाळा होता, बाबा. घाई नव्हती.’

मग चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा लावला. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला तरी वळून पाहिलं नाही. म्हणाले, ‘मेलेली बॅटरी आली तरी मी तिच्या मालकाला दहा प्रश्न विचारतो. धाकटा माझ्यासमोर उभा होता. त्याला मी एक नाही विचारला. तक्ता पाहिला आणि हाकलला.’

मी म्हटलं, ‘तक्त्यावरच्या खुणा मी केल्या होत्या.’

‘ते कळलं. तुझं तुझ्याजवळ. मी माझं बोलतोय.’

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. दोन दिवस झाले. जेवायला बसतात, पानाकडे बघून जेवतात. काल मी पायाला तेल लावायला गेले तर बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लावलं, वाकता येत नाही तरी. मी दाराबाहेर उभी राहून त्यांचा श्वास ऐकत होते. खूप रडू आलं. माझ्या वाटणीचं आहे ते, तक्रार करत नाही, तुला नुसतं सांगतेय.

परवा रविवार आहे. तो माणूस गाडी बघायला येईल. माझं पत्र तुला मिळालं की नाही, मला ठाऊक नाही.

ताई


७ मार्च, शनिवार

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुला पोस्टमन देणार नाही. दार उघडल्यावर काठी टेकून जे म्हातारे उभे होते, त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हे आहे. त्यांनी दिलं नाही तर मागून घे. विसरल्याचं सोंग ते छान करतात.

तुझं कार्ड मंगळवारी आलं. ‘गाडी विकली नाही. बाकी सध्या काही लिहिता येत नाही.’ मी ते बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं, उलटं करून कोऱ्या बाजूकडेही पाहिलं आणि सहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. ‘त्याच्याकडे गाडी आहे?’

सगळं सांगितलं. कोणती गाडी, पेटी कुठे, तू पाठवलेले मीटरचे आकडे. आकडे ऐकून लगेच म्हणाले, ‘एकीचा खाना गेलाय.’ मग उठले, पेटीतून स्वतःचा जुना हायड्रोमीटर काढला, धुतला आणि टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवला. दोन शर्ट नंतर आले, औषधं मी आठवण केल्यावर.

आठ तासांचा प्रवास, एकटे, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मी खूप समजावलं, पालथ्या घड्यावर पाणी. तुला आधी कळवूही दिलं नाही. म्हणाले, ‘कळवलं तर तो स्टँडवर येईल. तिथे चार लोकांत मला बोलता येणार नाही. त्याच्या दारात उभा राहून बोलायचंय.’ काय बोलणार आहेत ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण काल संध्याकाळी आरशासमोर दाढी करताना काहीतरी पुटपुटत होते, थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होते. आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही त्यांनी, पाठ करावी लागतेय. अडखळले तर पुरं करायला वेळ दे. मध्येच ‘राहू दे, बाबा’ म्हणू नकोस.

पांढऱ्या गोळ्या सकाळी, लाल रात्री जेवणानंतर. जिना चढताना हात धरलेला आवडत नाही, तरी धर. बॅटरी उचलायला जातील, उचलू देऊ नकोस, चिमणीला त्यांच्या मांडीवर बसव म्हणजे उठता येणार नाही. तिने आजोबांना पायाचं विचारलं तर विचारू दे. तुझ्या बायकोला सांग, सासरे जेवणाला नावं ठेवतात ते आवडलं म्हणून.

मी पण येऊ का, असं मी त्यांना विचारलं. बूट घालत होते. म्हणाले, ‘तू नाही. त्याने बोलावलं तर.’ मग बुटाची नाडी बांधायला पाय माझ्यापुढे केला. मी बांधली.

बरोबर बोलले ते. मी न बोलावता येणार नाही. तुझी सात वर्षं मी घेतली, बाबांची घेतली, चिमणीची पाच घेतली. माफ कर एवढंच मला म्हणता येतं आणि ते पुरणार नाही हेही कळतं. तुझ्या बायकोलाही हे पत्र वाचायला दे. ती सात वर्षं एका घाबरलेल्या माणसाबरोबर राहिली, तिला कारण कळलं पाहिजे. तिने मला दारात उभं करायचं नाही म्हटलं तर तिचंही खरं.

तुला हवा तेवढा वेळ घे, मला काही घाई नाही, असं लिहून पत्र संपवणार होते. पण ते खोटं आहे आणि तुझ्याशी मला आता खोटं बोलायचं नाही. मला घाई आहे, धाकट्या. बोलाव.

ताई